पालिकेच्या मालकीच्या जागांची यादी आधी लोकांसमोर मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही महिने आपल्या पेपरात नवी मुंबईतले फेरीवाले, पार्किंग, सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या) प्लॉटचे लिलाव, प्रॉपर्टी टॅक्स यावर सतत काही ना काही छापून येतंय, पण आज फेरीवाले, उद्या लिलाव, परवा टॅक्स असं सगळं सुटं सुटं येतं. मला वाटतं हे सगळं एकच प्रकरण आहे आणि ते एकत्र मांडायला पाहिजे म्हणून हे पत्र लिहितेय, थोडं लांबणार आहे, जमेल तेवढं छापा.

माझं म्हणणं असं की शहराचा आराखडा करणारं नगररचना खातं, पालिकेचे गाळे, मंडया, समाजमंदिरं, भूखंड सांभाळणारं मालमत्ता खातं, आणि लोकांच्या धंद्याशी ज्यांचा रोजचा संबंध येतो ते परवाना आणि अतिक्रमण विभाग, हे सगळे आपापल्या खोलीत बसून काम करतात आणि एकाने केलेलं दुसऱ्याला माहीत नसतं. आणि पालिकेच्या मालकीचं नेमकं काय काय आहे, ते आज कुणाकडे आहे, भाडं किती येतं, करार कधी संपतो, हे माझ्यासारखीला कुठेही एका जागी वाचायला मिळत नाही. ती यादी समोर असल्याशिवाय बाकीची चर्चा नुसती हवेत होते.

आमच्या भागात एक मंडई आहे. कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, कारण त्रास तिथल्या भाजीवाल्या बायकांना होईल. ओट्यांना पांढऱ्या टाइल्स लावलेल्या, प्रत्येक ओट्यावर निळ्या रंगात नंबर काढलेला, पाणी जायला मधोमध गटार, वर पत्रा, मागे संडास, सगळं आहे. गेटला साखळी आणि कुलूप. आत कबुतरांची घाण आणि कुणीतरी आणून टाकलेले मंडपाचे बांबू. आणि त्याच मंडईच्या कंपाउंडला पाठ टेकून बाहेर फुटपाथवर संध्याकाळी पाचनंतर बायका भाजी घेऊन बसतात, एकीकडे कोळंबी आणि बोंबील घेऊन दोघी कोळणी. मी जिच्याकडून पालेभाजी घेते ती मावशी पहाटे एपीएमसीच्या भाजी मार्केटला जाते, तिघीचौघी मिळून टेम्पो करतात आणि माल आणतात. अतिक्रमणची गाडी वळणावर दिसली की ताडपत्रीचे चार कोपरे धरून एका झटक्यात गाठोडं होतं, वजनकाटा पदराखाली जातो आणि सगळ्या बाजूच्या सोसायटीच्या गेटात शिरतात. जिचं गाठोडं हाताला लागलं तिचा त्या दिवसाचा धंदा गेला, कारण मेथीची जुडी दोन तास गाडीत दाबून पडली की नंतर दंड भरून सोडवली तरी ती कुणी घेत नाही.

लोक म्हणतात मंडई बांधली तरी यांना रस्त्यावरच बसायचं असतं, सवय झालीय. हे खरं नाही. ती मंडई जिथे बांधलीय तिथून पायी जाणारं माणूसच नाही. गिऱ्हाईक येतं ते स्टेशनवरून, ट्रेनमधून उतरलेली बाई शेअर रिक्षाच्या रांगेकडे जाता जाता अर्धा किलो गवार आणि कोथिंबीर घेते आणि पुढे जाते, ती भाजीसाठी दोन गल्ल्या आत वळून चार पायऱ्या चढून जात नाही, तिला घरी जाऊन कुकर लावायचा असतो. प्लॉट मोकळा कुठे होता ते बघून मंडई बांधली, माणसं कुठून चालतात ते बघून नाही. नगररचनेच्या नकाशात तो प्लॉट 'मार्केट' म्हणून रंगवला होता, इंजिनिअरिंगने बिल्डिंग उभी केली, काम झालं. आता ओटे कुणाला द्यायचे हे ठरवायचं मालमत्तावाल्यांनी, आणि रस्त्यावरच्या बायकांना हटवायचं अतिक्रमणवाल्यांनी, आणि या दोघांची एक मीटिंग त्या मंडईच्या आवारात कधी झाली असं तिथल्या कुणाला आठवत नाही.

मी स्वतः पोळीभाजी केंद्र चालवते, घरातूनच, चार बायका आहेत माझ्याकडे. महापे, रबाळेच्या कंपन्यांत डबे जातात. जागा पुरत नाही म्हणून पालिकेच्या एका इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या गाळ्यासाठी चौकशीला गेले होते. एका टेबलावर सांगितलं परवाना आमच्याकडे, जागा आमच्याकडे नाही. दुसऱ्या टेबलावर सांगितलं इमारत अजून पूर्ण हस्तांतरित झाली नाही. तिसरीकडे कळलं की झाली तरी गाळे एकेकटे देणार नाहीत, सगळ्याचं मिळून टेंडर काढायचा विचार आहे. आता सगळ्या गाळ्यांचं एकत्र टेंडर भरायला अनामत रक्कमच एवढी लागेल की पोळ्या लाटणारी बाई, चप्पल शिवणारा, मोबाईल रिपेअरवाला यातलं कुणी तिथे पोचणारच नाही, जो कॉन्ट्रॅक्टर घेईल तो आम्हाला चौपट भाड्याने देईल आणि पालिकेच्या वहीत मात्र एक ठोक रक्कम जमा झाली की खातं खूष. कुठल्या एका माणसाला मी दोष देत नाही, टेबलावरची माणसं नीटच बोलली. पद्धतच तशी आहे.

हे असं का झालं ते समजायला नवी मुंबई कशी झाली ते थोडं बघावं लागतं. १९७० ला सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरवली गेली. जमीन सिडकोच्या नावावर, आराखडा सिडकोचा, रस्ते, गटारं, सेक्टर सगळं सिडकोचं, आणि पैसा कुठून, तर प्लॉट विकून. हे मॉडेल वाईट होतं असं मी म्हणणार नाही. त्यातूनच रेल्वे आली, इथल्या रेल्वेच्या खर्चातला दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचललाय, असं देशात फार ठिकाणी झालेलं नाही.

आणि त्या काळात आराखडा, जागा आणि धंदा यांचा मेळ कसा बसत होता याचं उदाहरण माझ्याच घरात आहे. वडील माथाडी. कांदाबटाटा मार्केट मशीद बंदरहून वाशीला हलवलं, मग बाकीची मार्केटं आली, त्याबरोबर माथाडींसाठी कोपरखैरणेत, घणसोलीत छोटी छोटी घरं झाली, ट्रकसाठी टर्मिनलची जागा ठेवली, जवळून ठाणे-बेलापूर रस्ता आणि सायन-पनवेल हायवे. मुंबईच्या गल्लीतून मार्केट उचलायचं तर हमालाने राहायचं कुठे आणि ट्रकने थांबायचं कुठे हे कुणीतरी आधी बसून ठरवलं होतं. त्रास झाला, सुरुवातीला माथाडींचे हाल झाले, बसेस नव्हत्या, पण विचार एकत्र केलेला दिसतो. आज त्याच वाशीच्या ट्रक टर्मिनलच्या जागेवर सिडकोच्या घरांची स्कीम उभी राहिलीय. घरं पाहिजेतच, त्याबद्दल वाद नाही, पण मग ट्रक कुठे लावायचे हे कुणी सांगितलं नाही आणि ते आता तुर्भ्याच्या आतल्या रस्त्यांवर दुतर्फा उभे असतात, त्यातून वाट काढत शाळेची मुलं जातात. जागेची किंमत बघितली, जागेचं काम बघितलं नाही.

नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ ला सुरू झाली. पण जमिनीची मालक सिडकोच राहिली, घर घेतलेला माणूस साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. एकेक नोड (सिडकोने आखलेला शहराचा भाग) करून पाणी, गटारं, रस्ते, बागा पालिकेकडे येत गेल्या, काही वेळेवर, काही वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून. आणि पालिकेचा स्वतःचा विकास आराखडा? तो प्रारूप स्वरूपात प्रसिद्ध झाला ऑगस्ट २०२२ मध्ये. म्हणजे तीस वर्षं ही पालिका दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर शहर चालवत होती. त्यातही ज्या प्लॉटवर पालिका शाळा, मैदान, मार्केट असं आरक्षण टाकू बघते त्यातले कित्येक सिडकोने विकायला काढलेले किंवा आधीच विकलेले, त्यामुळे दोन सरकारी संस्थांचं भांडण, आणि मध्ये रहिवासी हरकती घेऊन रांगेत. तो आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा सभागृहही नव्हतं, मे २०२० ला नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ सगळा कारभार प्रशासकाकडे होता. पुढच्या वीस वर्षांचा नकाशा येतो आणि वॉर्डातून त्यावर भांडायला निवडून दिलेलं कुणी नाही, हे मला फार मोठं नुकसान वाटतं.

घणसोलीचं प्रकरण आपल्याच पेपरात सविस्तर आलं होतं म्हणून थोडक्यात लिहिते. तिथली वीस एकर जागा २००३ ला सरकारी क्रीडा संकुलासाठी ठेवलेली, २०१६ ला त्यातला भाग सिडकोने खासगी विकासकाला दिला, आणि २०२१ ला सरकारने ठरवलं की संकुल रायगड जिल्ह्यात माणगावला न्यायचं. घणसोलीच्या पोराने धावायची प्रॅक्टिस करायला माणगावला जायचं. आर्किटेक्ट लोकांच्या संस्थेने कोर्टात धाव घेतली, जुलै २०२४ ला हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला आणि पुढे त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानेही हायकोर्टाचाच निकाल कायम ठेवला. त्या संस्थेचे आभारच मानले पाहिजेत. पण एक मैदान वाचवायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागत असेल तर सेक्टरातलं छोटं उद्यान, समाजमंदिराचा प्लॉट, मार्केटचा प्लॉट यांच्यासाठी कोण जाणार? सोसायटीच्या कमिटीला वकिलाची फी परवडत नाही. म्हणून मी यादी यादी करतेय. आरक्षण कुठलं, कधी टाकलं, आज त्यावर काय आहे, कुणाच्या ताब्यात आहे, हे प्लॉट नंबरसकट लोकांना आधी दिसलं असतं तर ते प्रकरण पहिल्याच वर्षी अडवता आलं असतं.

ज्यांची जमीन या शहरासाठी गेली त्या प्रकल्पग्रस्तांचा विषय यातच येतो, तो वेगळा काढता येत नाही. जानेवारी १९८४ ला दास्तान फाटा आणि जासईच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, दि. बा. पाटील साहेबांनी तो लढा उभा केला आणि त्यातून साडेबारा टक्के योजना मिळाली, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत. पण हातात पूर्ण साडेबारा आले नाहीत, त्यातले पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी म्हणून कापून घेतले, शेतकऱ्याला मिळाले पावणेनऊ. ज्याची सगळी जमीन गेली त्याने वर शहराच्या शाळा, मैदान, दवाखान्यासाठीही वाटा दिला. आगरी-कोळी कुटुंबातल्या माझ्या मैत्रिणी विचारतात की आमच्या नावाने कापलेल्या त्या पावणेचार टक्क्यांत कुठल्या गावाला काय मिळालं ते दाखवा, आणि हा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. गावठाणात आजही मुलांना खेळायला जागा नाही, ॲम्ब्युलन्स आत वळत नाही, घरं गरजेपोटी वाढत गेली आणि नियमित करायचे जीआर येत राहतात, बदलत राहतात. नोडमध्ये आखीव सेक्टर आणि त्याला चिकटून गावठाण, दोन्हीकडे टॅक्सची बिलं येतात पण सुविधांच्या प्लॉटचा हिशोब फक्त एकाच बाजूला मांडला जातो.

आता पैशाचं बोलते, कारण पैसा कुठून येतो यावर खात्यांचं लक्ष कुठे असतं ते ठरतं. नवी मुंबई पालिका १९९६ पासून जकातीऐवजी उपकर घ्यायची. व्यापारी, कंपनी, दुकानदार यांच्या उलाढालीवर पालिकेचं उत्पन्न चालायचं. मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तो २०१५ ला बहुतेकांसाठी बंद झाला, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. तेव्हापासून राज्य सरकार पालिकांना भरपाई देतं, कायद्याप्रमाणे दरवर्षी आठ टक्के वाढ धरून. व्यापाऱ्यांचा जाच कमी झाला, ते चांगलंच झालं. पण एक गोष्ट घडली ती फार कुणी बोलत नाही. एमआयडीसीत दहा कारखाने बंद पडले काय किंवा शंभर छोटी दुकानं नवीन उघडली काय, पालिकेच्या त्या उत्पन्नात फरक पडत नाही, चेक ठरलेलाच येतो. फरक कशाने पडतो? बांधकामाने. विकास शुल्क, प्रीमियम, एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल त्याचं प्रमाण), आणि नवीन टॉवर झाला की प्रॉपर्टी टॅक्स. मग साहजिकच पालिकेचं सगळं डोकं टॉवरकडे आणि धंदा म्हणजे अतिक्रमण. आज नवी मुंबई आणि ठाणे दोन्ही पालिकांचं बजेट पाच हजार कोटींच्या वर गेलंय, एवढा पैसा आहे, पण त्यात 'या वॉर्डात छोटे धंदे वाढावेत म्हणून' असं पान मला कुणी दाखवलं तर मी मनापासून धन्यवाद म्हणेन. आणि कायद्यात ते नाही असं पण नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांसाठी जे अठरा विषय घातले त्यात पहिला नगररचना, दुसरा जमीन वापर आणि बांधकामाचं नियमन, आणि लगेच तिसरा आर्थिक आणि सामाजिक विकासाचं नियोजन आहे. रस्ते, पूल आणि पाणी त्यानंतर येतात.

टीटीसी एमआयडीसीचं, म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औद्योगिक वसाहतीचं बघा. दिघ्यापासून पार नेरूळपर्यंत आमच्या पूर्वेला पसरलेली. तिथे प्लॅनिंगचा अधिकार एमआयडीसीचा, टॅक्स पालिकेचा. केमिकल आणि इंजिनिअरिंगच्या कंपन्या एकामागोमाग गेल्या, त्या जागी आयटी पार्क आले, आता ऐरोली, रबाळे, महापेला डेटा सेंटर येतायत. आयटी पार्कने निदान आमच्यासारख्यांना डबे दिले, रिक्षावाल्यांना भाडं दिलं, पीजी चालले. डेटा सेंटरमध्ये एवढी मोठी बिल्डिंग, एवढी वीज, एवढं कूलिंग आणि आत माणसं मोजकी. येऊ देत, मी विरोध करत नाहीये, पण एकरी किती माणसांना काम मिळतं हा प्रश्न प्लॉट देताना कुणीतरी विचारायला नको का? आणि जे छोटे वर्कशॉपवाले, लेथवाले, प्रिंटिंगवाले भाड्याच्या शेडमध्ये आहेत त्यांना शेड विकली गेली की जायला जागा काय, हे कुठल्या आराखड्यात आहे? ठाण्यात हे आधी होऊन गेलंय. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, माझे मामा तिथे नोकरीला होते. पोखरण रोड, कोलशेत, माजिवड्याच्या कंपन्या गेल्या आणि तिथे टॉवर झाले, ठाणेकर आता सकाळी कामासाठी घोडबंदर रोडवरून बाहेर पडायला तासभर अडकून असतात. राहायची जागा आणि कामाची जागा लांब गेली की रस्ता कितीही रुंद करा पुरत नाही.

फेरीवाल्यांचा कायदा २०१४ चा. त्यात साफ लिहिलंय की आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र, मग फेरीवाला क्षेत्र, आणि सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कुणाला उठवायचं नाही. नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचेच आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. कायद्यात फेरीवाल्यांची योजना ही शहराच्या आराखड्याशी जोडलेली आहे, म्हणजे नकाशा काढतानाच त्यांची जागा धरायची. कोरोनात फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी ही कर्जयोजना आली, तेव्हा पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं, त्याची शिफारस पालिकेमार्फतच व्हायची. म्हणजे एका खिडकीतून शिफारस मिळालेली बाई संध्याकाळी दुसऱ्या विभागाच्या गाडीपासून पळते आणि बँकेचा हप्ता मात्र चालू. फुटपाथवर चालायला जागा पाहिजे हे मलाही मान्य आहे, माझी सासू काठी घेऊन चालते, तिला रस्त्यावर उतरावं लागतं तेव्हा मलाही राग येतो. म्हणूनच तर म्हणते जागा ठरवून द्या, पट्टे मारा, वेळ ठरवा, स्टेशनच्या बाहेरच्या फोरकोर्टात संध्याकाळी पाच ते नऊ ओटे लावू द्या, दिवसा पार्किंग ठेवा, पावती द्या. पालिकेला पैसे मिळतील, आता जे मधल्यांना मिळतात ते.

प्रॉपर्टी टॅक्सबद्दल एक वाक्य. टॅक्स वाढवला नाही याची जाहिरात दरवर्षी होते, आम्हा रहिवाशांना बरं वाटतं, पण मंडया बंद, समाजमंदिरं नाममात्र भाड्याने कुणाच्या ना कुणाच्या ताब्यात, गाळ्यांचे करार संपून गेलेले, ही सगळी बाजू बघितलीच नाही तर उद्या टॅक्स वाढवणं भाग पडेल आणि ते आम्हीच भरणार.

आता मागण्या. दोन्ही पालिकांनी, ठाणे आणि नवी मुंबई, आपल्या मालकीच्या आणि ताब्यातल्या प्रत्येक जागेची यादी वॉर्डाप्रमाणे वेबसाइटवर टाकावी, मराठीत, नकाशासकट, पत्ता, क्षेत्रफळ, कुणाला दिली, किती भाडं, थकबाकी किती, करार कधी संपतो. माहिती अधिकाराच्या कायद्यात कलम चारखाली कुणी न मागता स्वतःहून माहिती द्यायची असते, त्यामुळे यासाठी वेगळा जीआर लागत नाही. त्याच यादीत आराखड्यातली आरक्षणं घालावीत, कारण कायद्याने आरक्षित खासगी जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि नंतर दोन वर्षांतही काही केलं नाही तर आरक्षण सुटतं. तारखा लोकांच्या डोळ्यासमोर असतील तर निदान ओरडता येईल. ठाण्याचा नवा प्रारूप आराखडा ऑक्टोबर २०२४ ला आला, त्यांनाही हेच लागू. सिडकोने लिलावाची जाहिरात काढायच्या आधी त्या प्लॉटवर पालिकेचं आरक्षण होतं का, असेल तर ते कुणी आणि कधी काढलं, हे जाहिरातीतच छापावं.

गाळे आणि ओटे देताना पूर्ण बिल्डिंग एका ठेकेदाराला नको. एकेक गाळा, छोटी अनामत, महिला बचत गट, दिव्यांग, प्रकल्पग्रस्त आणि सर्वेक्षणातले फेरीवाले यांना राखीव, आणि पोटभाड्याने दिला तर करार रद्द. बाकीचे गाळे बाजारभावाने लिलावात काढा, त्याला कुणाची हरकत नाही. नवीन मंडईची जागा ठरवायच्या आधी नगररचना, मालमत्ता, परवाना आणि अतिक्रमण या चारही खात्यांच्या अधिकाऱ्यांनी एक आठवडा संध्याकाळी सहा ते आठ तिथे उभं राहून माणसं कुठून चालतात ते बघावं, यासाठी कन्सल्टंट नेमायची पण गरज नाही. आणि क्षेत्र सभेची, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात आहे, ती वर्षातून दोनदा तरी खरोखर भरवावी, त्यात ही यादी वाचून दाखवावी.

आमच्या भागातल्या त्या मंडईपुरतं बोलायचं तर ती उघडायला विकास आराखडा पूर्ण मंजूर व्हायची वाट बघायची गरज नाही. स्टेशनकडच्या बाजूला कंपाउंडची भिंत आहे, ती फोडून तिथे एक गेट केलं तर दोन गल्ल्यांचा वळसा वाचतो आणि माणसं त्यातून जायला लागतील, पायऱ्यांच्या जागी उतार करा, लाइट लावा, ओट्यांची पहिली सोडत त्याच भिंतीबाहेर बसणाऱ्या बायकांमध्ये काढा. पावसाळ्याआधी होऊ शकतं, कारण पावसात या बायकांचा निम्मा माल सडतो.

आपल्या पेपरला एक विनंती आहे. वाचकांची पत्रं छापता तसं दोन्ही पालिकांकडून आणि सिडकोकडून ही यादी पेपरने रीतसर मागवावी आणि दर आठवड्याला एका वॉर्डाची छापावी. लोक स्वतः जाऊन बघतील की यादीत जे समाजमंदिर लिहिलंय तिथे खरंच समाजमंदिर आहे की गोडाऊन, आणि फोटो काढून तुम्हालाच पाठवतील. आमच्या वॉर्डाचं काम मी आणि आमच्या बचत गटाच्या बायका करायला तयार आहोत.

कळावे,
आपली एक वाचक,
नवी मुंबई